गिरनार चढण्याआधी जुनागढ

रात्री दीडच्या सुमाराला भवनाथ तलेटीत उभं राहिलं, तर आपण सौराष्ट्रात आहोत हे कानांना पटत नाही. पुणे, सांगली, कोल्हापूर, नाशिक, ठाणे इथल्या बसगाड्या ओळीने लागलेल्या असतात. काठ्या देणाऱ्याच्या टपरीवर एखाद्या काकू 'मला जरा हलकी बघ रे बाबा' म्हणतात आणि तो गुजराती पोरगा मराठीत उत्तर देतो, 'मावशी, हलकी नको, उतरताना भार हिच्यावरच येणार आहे.' चहाच्या गाड्यावर गुडघ्याच्या पट्ट्या, गोळ्या, विजेऱ्या ह्यांची देवघेव चालू असते. मग कुणीतरी मोठ्याने 'अवधूत चिंतन' म्हणतं, बाकीचे 'श्री गुरुदेव दत्त' म्हणून साथ देतात आणि सगळा घोळका पहिल्या पायरीला हात लावून अंधारात चढू लागतो.

मराठी दत्तभक्तांच्या मनात गिरनारचं स्थान मोठं आहे. माहूर, औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर ही क्षेत्रं जवळची; गिरनार दूरचा आणि कष्टाचा. गेल्या काही वर्षांत तिकडे जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंची संख्या खूप वाढली आहे. बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला: रात्री चढायचं, उजाडताना पादुकांचं दर्शन घ्यायचं, दुपारपर्यंत खाली उतरायचं आणि बस सोमनाथच्या दिशेला लागायची. ज्या शहरातून बस तलेटीला येते, ते शहर खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच. जुनागढ म्हणजे गिरनारला जाताना लागणारं गाव, एवढीच त्याची ओळख होऊन बसली आहे.

मला मनापासून वाटतं की ही यात्रा अर्धी आहे. डोंगर आणि शहर इथे वेगळे काढता येत नाहीत. डोंगराने शहराला पाणी दिलं, दगड दिला, आसरा दिला. शहराने डोंगराच्या पायऱ्या बांधल्या, तळी सांभाळली, फुटलेले बांध पुन्हा उभे केले. इथे जे काही दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकलं, ते श्रद्धेइतकंच निगेमुळे टिकलं. आणि ह्या निगेचा लेखी पुरावा यात्रेच्या वाटेवरच आहे.

तीन राजांचा एक दगड

शहरातून तलेटीकडे निघालं की थोड्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला एक बंदिस्त इमारत दिसते. आत एक प्रचंड काळा पाषाण आहे. सम्राट अशोकाच्या चौदा आज्ञा त्याच्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेल्या आहेत. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातली ही अक्षरं. आज्ञा कसल्या? राजवाड्याच्या स्वयंपाकघरात रोज होणारी प्राण्यांची कत्तल कमी केल्याची. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याची. रस्त्याच्या कडेला झाडं लावल्याची, विहिरी खणल्याची. बाराव्या आज्ञेत राजा सांगतो की जो आपल्या पंथाचा मोठेपणा मिरवण्यासाठी दुसऱ्याच्या पंथाला कमी लेखतो, तो खरं तर आपल्याच पंथाचं नुकसान करतो.

अशोकानंतर सुमारे चार शतकांनी, शक वर्ष ७२ म्हणजे इसवी सन १५० च्या सुमाराला, ह्याच पाषाणावर महाक्षत्रप रुद्रदामनाने लेख कोरवला. संस्कृत गद्यातल्या सर्वांत जुन्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. अभ्यासकांना त्याची भाषा महत्त्वाची वाटते. मला त्यातली हकिगत त्याहून महत्त्वाची वाटते. ती हकिगत एका धरणाची आहे.

गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचं तळं होतं. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त ह्याने ते बांधवलं. अशोकाच्या काळात तुषास्फ नावाच्या यवन अधिकाऱ्याने त्याला पाण्याचे पाट काढले. रुद्रदामनाच्या काळात भयंकर वादळी पाऊस झाला, डोंगरावरून सुवर्णसिकता आणि पलाशिनी ह्या नद्या बेफाम होऊन खाली आल्या आणि बांध फुटला. लेखात भगदाडाची मापं दिली आहेत: ४२० हात लांब, तितकंच रुंद, ७५ हात खोल. तळं कोरडं पडलं. मंत्र्यांनी हात टेकले. एवढं मोठं खिंडार बुजवणं शक्य नाही असं त्यांचं मत पडलं. प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा सुविशाख नावाच्या पह्लव अमात्याने काम अंगावर घेतलं आणि बांध पहिल्यापेक्षा मजबूत करून दाखवला. राजा अभिमानाने नोंदवतो की हे सगळं त्याने स्वतःच्या खजिन्यातून केलं. त्यासाठी लोकांवर कर, वेठबिगार किंवा सक्तीच्या देणग्या लादल्या नाहीत.

ह्याच लेखात आपल्याकडचाही एक धागा आहे. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी ह्याला आपण दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे त्याचा नाश केला नाही, असं रुद्रदामन म्हणतो. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या एका लेखात सातवाहन राजाच्या एका राणीचा उल्लेख आहे, तो महाक्षत्रपाची कन्या म्हणून. म्हणजे गिरनार आणि सह्याद्री ह्यांची सोयरीक भाविकांच्या बसगाड्या सुरू होण्याच्या पुष्कळ आधीची आहे.

तिसरा लेख गुप्तसम्राट स्कंदगुप्ताच्या काळातला. इसवी सन ४५५ च्या आसपास पुन्हा अतिवृष्टी, पुन्हा सुदर्शन फुटलं. ह्या वेळी प्रांताधिकारी पर्णदत्ताचा मुलगा चक्रपालित ह्याने ते दुरुस्त केलं.

ह्या तीन लेखांत मिळून सात-साडेसात शतकं सामावली आहेत. मौर्य, यवन, शक, पह्लव, गुप्त अशी इतकी वेगवेगळ्या कुळांची माणसं ह्या एका तळ्याच्या कामाला लागली. राजवटी बदलल्या तरी पाण्याची जबाबदारी बदलली नाही. आज सुदर्शन तळं नाही. पण पलीकडून वाहणारा सोनरेख ओढा म्हणजेच ती जुनी सुवर्णसिकता, असं अभ्यासक मानतात. आणि जुलै २०२३ मध्ये डोंगरावर झालेल्या अतिवृष्टीने जुनागढच्या रस्त्यांवरून मोटारी आणि जनावरं वाहून गेली, तेव्हा शिलालेखातलं वादळ जुन्या काळापुरतं राहिलं नाही.

जुनागढचा एक मुलगा

त्या इमारतीतून बाहेर पडताना एका माणसाचं नाव मराठी वाचकाने जरूर आठवावं: पंडित भगवानलाल इंद्रजी. जुनागढमध्ये १८३९ साली जन्मलेला हा मुलगा ह्याच पाषाणाच्या ओढीने लिपिशास्त्राकडे वळला. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची अक्षरं लावून दाखवल्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. त्या अक्षरांच्या तक्त्याच्या आधाराने भगवानलाल स्वतःच्या प्रयत्नाने गिरनारचे लेख वाचू लागले. विशीच्या उंबरठ्यावरच्या ह्या तरुणाची हुशारी 'रासमाळा'कर्ते फोर्ब्स ह्यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी त्याचं नाव मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांना सुचवलं. १८६१ मध्ये भगवानलाल मुंबईत आले ते कायमचेच.

पुढची कथा महाराष्ट्राच्या इतिहासाची आहे. भाऊ दाजींसाठी त्यांनी देशभर फिरून शिलालेखांचे ठसे घेतले. नाशिकच्या पांडवलेण्यांतले लेख वाचले. नाणेघाटातल्या लेखावर आणि त्यातल्या अंकचिन्हांवर काम केलं. १८८२ मध्ये नालासोपाऱ्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाखाली त्यांनी बौद्ध स्तूप उजेडात आणला. अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यालाच मिळाला. ज्या आज्ञा ते लहानपणापासून गिरनारच्या वाटेवर पाहत आले, त्यांतलीच एक कोकणच्या किनाऱ्यावर त्यांच्या हाती यावी, ह्यापरता योग नाही. १८८८ साली मुंबईतच त्यांचं निधन झालं.

सातवाहनांबद्दल आज आपण जे अभिमानाने सांगतो, त्यातलं बरंच काही ह्या जुनागढच्या माणसाने आपल्याला वाचून दिलं आहे. गिरनारला जाणाऱ्या मराठी माणसावर हे ऋण आहे. ते फेडायला अर्धा तास पुरतो. वाटेत उतरून तो पाषाण नीट पाहिला तरी पुष्कळ झालं.

उपरकोट

शहराच्या पूर्व अंगाला उपरकोट किल्ला आहे. परंपरा त्याचा आरंभ मौर्यांपाशी नेते. पुढे चुडासमा राजांनी त्याला नवं रूप दिलं. मोठ्या जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये तो लोकांसाठी पुन्हा खुला झाला आहे.

उपरकोटात मला सर्वांत जास्त धरून ठेवतात त्या दोन विहिरी. आडी-कडी वाव सरळ कातळात कापत नेलेली. पायऱ्या उतरत जावं तसे दोन्ही बाजूंचे कडे उंच होत जातात आणि हवा गार होत जाते. दगडाचे थर एकमेकांवर तिरके बसलेले दिसतात, लाटा गोठल्यासारखे. पाणी लागावं म्हणून आडी आणि कडी ह्या दोन कुमारिकांचा बळी दिला अशी दंतकथा सांगतात. दुसरा नवघण कुवा. त्याची खोली पन्नास मीटरच्या वर आहे. खाली जाणारा जिना विहिरीच्या चारी बाजूंनी कातळाच्या आतूनच वळत उतरतो आणि मधूनमधून ठेवलेल्या झरोक्यांतून उजेड येतो. ज्याने ह्या दोन विहिरी पाहिल्या नाहीत तो जगून मेल्यासारखाच, अशा अर्थाची म्हण सोरठात आहे. वेढा पडला की किल्ला पाण्यावर जगतो, हे आपल्याला रायगड-राजगडाची टाकी पाहून ठाऊक आहे. इथे ती जाण कातळात खोलवर गेली आहे.

किल्ल्यात कातळात कोरलेली बौद्ध लेणी आहेत, स्तंभांवर झिजलेल्या पण अजून देखण्या आकृती आहेत. नीलम नावाची तोफ आहे. ती १५३१ मध्ये इजिप्तमध्ये ओतली गेली आणि पोर्तुगीजांशी लढायला आलेल्या तुर्की आरमाराबरोबर १५३८ मध्ये दीवला आली. जुनी जामा मशीद आहे, तिलाच लोक राणकदेवीचा महाल म्हणतात.

राणकदेवीची कथा सोरठातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पाटणच्या सिद्धराज जयसिंहाने रा'खेंगारला मारलं आणि राणीला बंदिवान करून नेलं. जाताना तिने मागे वळून गिरनारला दोष दिला: तुझा राजा पडला आणि तू अजून ताठ उभा कसा? तेव्हा डोंगराचे कडे ढासळू लागले. मग तिनेच त्याला विनवलं, आता पडू नकोस. तू पडलास तर मागे राहिलेल्यांना आधार कुणाचा? वढवाणला जाऊन ती सती गेली. इतिहासाच्या कसोटीला ही कथा किती उतरते हा वेगळा प्रश्न. पण डोंगराला घरच्या वडीलधाऱ्यासारखं बोलणारं हे शहर आहे, एवढं तिच्यातून नक्की कळतं.

दामोदर कुंडावरचा भक्त

पाषाणाच्या पुढे, तलेटीच्या वाटेवरच दामोदर कुंड लागतं. अस्थिविसर्जनासाठी इथे लांबून माणसं येतात. पंधराव्या शतकातले संतकवी नरसी मेहता रोज इथे स्नानाला येत, अशी परंपरा आहे. 'वैष्णव जन' हे पद गांधीजींमुळे साऱ्या देशाच्या ओठी गेलं. त्याचे कर्ते ते हेच. शहरात त्यांचा चौरा आहे, म्हणजे ते जिथे भजनाला बसत ती जागा.

नरसींच्या चरित्रातले दोन प्रसंग मराठी माणसाला परके वाटणार नाहीत. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतल्या भक्तांनी बोलावलं म्हणून हे नागर ब्राह्मण त्यांच्या घरी रात्रभर कीर्तनाला गेले आणि जातीने त्यांना वाळीत टाकलं. एकनाथांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसरा प्रसंग हुंडीचा. यात्रेकरूंना नरसींनी द्वारकेच्या शामळशा शेठच्या नावाने हुंडी लिहून दिली आणि देवानेच शेठ होऊन ती वटवली. आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी विठ्ठलाने धान्याची रक्कम भरली, तीच ही माया. भक्ताच्या शब्दाची पत देव राखतो, हा विश्वास दोन्ही प्रांतांनी सारख्याच ओलाव्याने जपला आहे.

नवाबांचं शहर

सुलतान महमूद बेगड्याने १४७२ मध्ये शेवटचा चुडासमा राजा रा'मांडलिक ह्याच्याकडून जुनागढ घेतलं. पुढे मोगल आले आणि अठराव्या शतकात बाबी घराण्याची नवाबी सुरू झाली. त्याच काळात बडोद्याच्या गायकवाडांच्या फौजा मुलूखगिरीवर सौराष्ट्रात येत आणि खंडणी वसूल करत. १८०७ च्या वॉकर करारानंतर ही रक्कम कायमची ठरवून दिली गेली आणि फौजेच्या फेऱ्या थांबल्या. मराठ्यांची ही आठवण सोरठातल्या गावांना सुखाची असणं शक्य नाही. आपण ती जाणून असावं. आज तिथे मराठी माणसाला 'जय गिरनारी' म्हणून जे हसतमुख स्वागत मिळतं, त्याची किंमत मग जास्त कळते.

नवाबी जुनागढचं सर्वांत देखणं वास्तुवैभव म्हणजे महाबत मकबरा. १८९२ मध्ये तो पूर्ण झाला. घुमट इस्लामी, खिडक्या फ्रेंच धाटणीच्या उंच, कोरीव काम इथल्याच कारागिरांचं. शेजारी वजीर बहाउद्दीन ह्यांचा मकबरा आहे. त्याच्या चारी मिनारांना बाहेरून वळसे घेत वर जाणारे जिने आहेत; असं रूप भारतात क्वचितच दिसतं.

शेवटचा नवाब महाबतखान तिसरा. गीरचे सिंह वाचवण्यात नवाबांचा वाटा मोठा होता, हे मान्य करावं लागतं. पण १५ ऑगस्ट १९४७ ला ह्याच नवाबाने पाकिस्तानात सामील होण्याचा निर्णय जाहीर केला. बहुसंख्य प्रजेला तो मान्य नव्हता. जुनागढच्या लोकांनी 'आरझी हुकूमत', म्हणजे हंगामी सरकार, स्थापन केलं ते मुंबईत, माधवबागेत, २५ सप्टेंबर १९४७ ला. प्रमुख होते शामळदास गांधी. नवाब कराचीला निघून गेला. दिवाण शाहनवाझ भुत्तो, म्हणजे झुल्फिकार अली भुत्तो ह्यांचे वडील, ह्यांनी अखेर भारत सरकारला कारभार हाती घ्यायला सांगितलं आणि ९ नोव्हेंबरला जुनागढ भारताच्या ताब्यात आलं. २० फेब्रुवारी १९४८ ला सार्वमत झालं. पाकिस्तानच्या बाजूने एकूण ९१ मतं पडली.

वर जाणारी वाट

आता पायऱ्या. ९,९९९ हा आकडा परंपरेने चालत आला आहे. बाराव्या शतकात सोळंकी राजा कुमारपाळाच्या काळात इथे पायऱ्यांचं मोठं काम झालं. आज आपण चढतो त्या वाटेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जुनागढ संस्थानात लॉटरी काढून पैसा उभा केला गेला. म्हणजे ह्या वाटेत राजाच्या तिजोरीइतकाच अनोळखी सामान्य माणसांचा पैसा आहे.

पहिला टप्पा जंगलातून जातो. उजाडू लागतं तेव्हा सुमारे चार हजार पायऱ्यांवर जैन मंदिरांचा समूह समोर येतो. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ ह्यांचं निर्वाण ह्याच डोंगरावर झालं, असं जैन मानतात. लग्नाची वरात निघाली असताना मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांच्या कानी आला आणि ते वरात सोडून गिरनारकडे वळले. वाग्दत्त वधू राजुलही पुढे त्याच मार्गाने गेली. खाली अशोकाची पहिली आज्ञा, वर नेमिनाथांची ही कथा आणि भोवती सिंहांचं रान. मुक्या जिवाची दया ह्या डोंगराच्या अंगात भिनलेली आहे.

नेमिनाथांचं मंदिर सिद्धराजाचा अधिकारी सज्जन ह्याने बाराव्या शतकात नव्याने बांधलं. सोरठाचा महसूल त्याने मंदिरावर खर्च केला. राजा जाब विचारायला आला, तेव्हा सज्जन म्हणाला, पैसे हवे तर व्यापारी भरून देतील, पुण्य हवं तर हे समोर आहे. राजाने पुण्य घेतलं, असं सांगतात. जवळच वस्तुपाल-तेजपाल ह्या मंत्री बंधूंनी तेराव्या शतकात बांधलेलं तीन गाभाऱ्यांचं मंदिर आहे. दत्ताच्या ओढीने चढणारे पुष्कळ मराठी यात्रेकरू ही मंदिरं ओलांडून जातात. दम खायला थांबायचंच असतं. ते इथे थांबावं.

पुढे अंबाजी, मग गोरखनाथाचं शिखर. गुजरातमधला हा सर्वांत उंच माथा. तिथवर चढून आलेल्याला समोर दत्तशिखर वेगळं, सुटं उभं दिसतं आणि कळतं की आता बरंच खाली उतरायचं आहे आणि पुन्हा उभं चढायचं आहे. इथे माणसाची खरी परीक्षा होते. वारा सणाणत असतो, पोटऱ्या थरथरत असतात आणि वरून उतरणारा कुणी अनोळखी म्हणतो, 'आलंच आता माउली, बसू नका.'

माथ्यावरची जागा लहान आहे. पादुकांपुढे क्षण-दोन क्षण मिळतात. ज्याच्या मनात जे साठलेलं असतं, ते त्या दोन क्षणांत डोळ्यांवाटे येतं. परतताना वाट कमंडलू कुंडाकडे वळते. दुष्काळात दत्तगुरूंनी कमंडलू टाकला, त्याचे दोन भाग झाले. एकाच्या जागी पाणी उसळलं, दुसऱ्याच्या जागी अग्नी, अशी कथा आहे. तिथे धुनी आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला जेवण मिळतं, पैसे न घेता. त्या पानातला प्रत्येक घास कुणीतरी पाठीवर वाहून आणलेला असतो, हे जेवताना मनात असू द्यावं.

दत्तशिखरालाच जैन बांधव नेमिनाथांचं निर्वाणस्थान मानतात आणि त्यावरून चाललेला वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला जमियलशा दातार ह्यांचं स्थान आहे, तिथे हिंदू-मुसलमान दोघेही पायऱ्या चढून जातात. इतक्या श्रद्धा ज्या डोंगराने एकत्र पेलल्या, त्याच्या पायथ्याशी अशोकाची बारावी आज्ञा असावी, ह्याहून योग्य जागा तिला मिळाली नसती.

डोंगराचं ओझं

२४ ऑक्टोबर २०२० ला रोप-वे सुरू झाला. सुमारे २.३ किलोमीटरचा हा मार्ग काही मिनिटांत अंबाजीपर्यंत पोचवतो. ज्यांना चढणं अशक्य होतं अशा म्हाताऱ्या माणसांना त्यामुळे गिरनार दिसला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण पादुकांपर्यंतची पुढची वाट पायीच आहे, हे घरून निघतानाच नीट समजून घ्यावं.

डोलीवाल्यांचा मात्र विचार करायला हवा. बसणाऱ्याचं वजन करून डोलीचा दर ठरतो. पुढे-मागे खांदा देणारी ही माणसं एका लयीत, एकमेकांना इशारे देत चढतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा धंदा रोप-वेमुळे आक्रसला. जो डोलीत बसतो त्याने घासाघीस करू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आणि कचरा. गिरनारचं रान २००८ पासून अभयारण्य आहे, सुमारे १८० चौरस किलोमीटरचं. सिंह, बिबटे, गिधाडं तिथे राहतात. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना साचणाऱ्या प्लास्टिकचा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेला. दरीत भिरकावलेली बाटली पावसाबरोबर ओढ्यात येते, ओढा दामोदर कुंडाशी येतो, तिथून शहरात. पाण्याची वाट रुद्रदामनाच्या वेळी होती तीच आहे.

कसं जावं

ही दिवाळी आटोपली की कार्तिकी एकादशी येईल. पंढरपूर वारकऱ्यांनी भरून जाईल आणि त्याच तिथीला गिरनारची लीली परिक्रमा सुरू होईल. पौर्णिमेपर्यंत लाखो माणसं डोंगराभोवतीचा ३६ किलोमीटरचा रानातला फेरा पायी पुरा करतात. जीणाबावाची मढी, माळवेला, बोरदेवी इथे मुक्काम करतात. वाटेवर अन्नछत्रं उघडतात. पण गर्दीची सवय नसलेल्यांनी पौष-माघातला एखादा साधा आठवडा निवडावा. महाशिवरात्रीला भवनाथची जत्रा असते, तीही टाळता आली तर बरी.

मुंबई-पुण्याहून वेरावळकडे जाणाऱ्या गाड्या जुनागढला थांबतात. पहिला दिवस शहराला द्यावा. सकाळी गाठिया, पपईचा संभारा आणि तळलेली मिरची खाऊन उपरकोट गाठावा. ऊन चढायच्या आत दोन्ही विहिरी पाहाव्यात. मग मकबरा, नरसींचा चौरा. दुपारी बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो आणि ताक. ऊन उतरलं की अशोकाचा पाषाण आणि शेवटी दामोदर कुंड. रात्री लवकर झोपून पहाटे चढायला लागावं. पाण्यासाठी घरची धातूची बाटली न्यावी आणि पिशवीतलं वेष्टन पिशवीतूनच परत आणावं.

दत्तसंप्रदायातल्या मंडळींना हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण त्याचा आधार त्यांच्याच परंपरेत आहे. भागवताच्या एकादश स्कंधातला अवधूत चोवीस गुरू सांगतो: पृथ्वी, वारा, पाणी, अग्नी, अजगर, मधमाशी, कबुतर. एकनाथांनी तेच मराठीत विस्ताराने समजावलं. जो वाटेत दिसेल त्याच्याकडून शिकला, त्याच्या दर्शनाला जाणाऱ्याने वाटेकडे न पाहता पुढे जाणं त्या शिकवणीला धरून नाही. फुटलेला बांध पुन्हा बांधणारे अमात्य, लॉटरीचं तिकीट घेणारी अनोळखी माणसं, अक्षरं लावत बसलेला भगवानलाल, धान्याची पोती वर नेणारा हमाल ही गिरनारने दाखवलेली गुरुमंडळीच आहेत. तेव्हा ह्या वर्षी जे कुणी निघणार असतील, त्यांनी बस ठरवणाऱ्या काकांना आजच फोन करून सांगावं: जुनागढसाठी एक दिवस वाढवा.